चोरीची दंतकथा आणि खरेदीचा करारनामा

चीनमधील सीआरआरसी या सरकारी मालकीच्या आगगाडी-निर्मात्या महामंडळाचा विषय कोठेही निघाला, की उपस्थितांपैकी कोणी तरी, आणि तो बहुधा चांगला शिकलासवरला, प्रसंगी पदवीधर अभियंताच असतो, मोठ्या आत्मविश्वासाने सांगू लागतो की चिन्यांनी जपानची एक बुलेट ट्रेन आणली, तिचा खिळा न् खिळा सुटा करून पाहिला, रातोरात तिच्या नकला केल्या आणि आता त्याच नकला ते अर्ध्या किमतीला जगभर विकीत सुटले आहेत. ही कथा ऐकायला सुटसुटीत आहे आणि तिच्यातून मिळणारे समाधान, म्हणजे आपण प्रामाणिक राहिलो म्हणून मागे पडलो हे, इतके फुकटचे आहे, की तिची उलटतपासणी करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

वस्तुस्थिती निराळी आहे, आणि ती कोणा गुप्तहेराच्या टिपणात नव्हे तर सरकारी निविदेच्या अटींत नमूद आहे. २००४ साली चीनच्या रेल्वे मंत्रालयाने ताशी २०० किलोमीटर वेगाच्या १४० गाड्यांची मागणी काढली, तेव्हा परदेशी कंपनीला एकटीने दरखास्त करण्याची मुभाच ठेवली नव्हती. चिनी कारखान्याशी भागीदारी करून, आराखडे, उत्पादनाची रीत आणि कामगारांचे शिक्षण त्या कारखान्याच्या हवाली करण्याचे जी लेखी कबूल करील, तिचाच कागद विचारात घेतला जाणार होता. जपानी कंपन्यांचा कावासाकीप्रणीत गट, फ्रान्सची आल्स्टॉम आणि कॅनडाची बोंबार्डिए यांनी हे कबूल केले व कामे मिळविली. ई-२ शिंकान्सेनवर आधारलेल्या गाडीच्या ६० संचांचा जो मक्ता कावासाकीकडे आला, त्यातील ३ संच जपानमधून तयार होऊन आले, ६ सुट्या भागांच्या रूपाने आले, आणि उरलेले ५१ छिंगदाओ येथील सिफांग कारखान्यात बांधावयाचे असे प्रथमपासूनच ठरले होते. घरमालकाकडून पावती घेऊन आणि ऐवज कसा वापरावा याची शिकवणी लावून जाणाऱ्या चोराविषयी निदान माझ्या वाचनात तरी काही आलेले नाही.

मग एवढे मोलाचे ज्ञान या कंपन्यांनी विकले तरी का, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की विक्रेते अनेक होते आणि ग्राहक एकच. जगातील सर्वांत मोठी नवी बाजारपेठ एका मंत्रालयाच्या मुठीत होती, आणि लिऊ झिजुन हे त्या वेळचे रेल्वेमंत्री परदेशी कंपन्यांना एकमेकींविरुद्ध खेळविण्यात वाकबगार होते. जर्मनीच्या सीमेन्सने गाडीची आणि तंत्रज्ञानाची किंमत चढी लावली, तेव्हा तिला २००४ च्या वाटपात काहीच मिळाले नाही. पुढल्याच वर्षी ती नरम अटींवर परत आली, तिला ६० संचांचे काम मिळाले आणि त्यांपैकी ५७ थांगशानच्या कारखान्यात बांधण्यास तिने मान्यता दिली. जपानमध्ये सेंट्रल जपान रेल्वेचे योशियुकी कासाई यांच्यासारखे जाणते लोक या विक्रीला उघड विरोध करीत होते, म्हणजे आपण काय विकत आहोत हे विकणाऱ्यांना ठाऊक नव्हते असेही नाही. (हेच लिऊ झिजुन पुढे लाचखोरीबद्दल पदच्युत झाले आणि २०१३ साली त्यांना स्थगित देहदंडाची शिक्षा झाली. सौदा धूर्तपणाचा होता म्हणून सौदागर सज्जन ठरत नाही.)

चोरीच्या आरोपाचे मूळ ज्या एका खऱ्या वादात आहे, तो येथे सांगितला पाहिजे. २०१० साली सिफांगने सीआरएच-३८०ए ही वेगवान गाडी काढली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिने चाचणीत ताशी ४८६.१ किलोमीटरचा वेग गाठला, आणि तिच्यासाठी परदेशांत पेटंटे मागण्याची भाषा चीनकडून सुरू झाली. दिलेले तंत्रज्ञान केवळ चीनच्या हद्दीत वापरण्यापुरते होते, आणि नवी गाडी ही आमच्याच गाडीची फेरफार केलेली आवृत्ती आहे, असे कावासाकीचे म्हणणे होते; नाकाचा आकार, डब्याची बांधणी, शक्ती हे सारे नव्याने आखले आहे, असे चिनी पक्षाचे. करारातील कलमाचा अर्थ कोणता आणि फेरफार किती झाला म्हणजे वस्तू नवी ठरते, यासंबंधीचा हा झगडा आहे. त्याच्या निकालाविषयी मतभेद असू शकतो. पण रात्री कुलूप फोडल्याची फिर्याद ही नव्हे.

या दंतकथेत दुसरी, आणि माझ्या मते अधिक घातक, चूक अशी की तिला आज या महामंडळात असलेले चिनी कारखाने २००४ पूर्वी जणू अस्तित्वातच नव्हते असे वाटते. थांगशानच्या परिसरात, कायपिंगच्या कोळसा खाणींसाठी, पहिले इंजिन १८८१ साली बांधले गेले. दालियानचा कारखाना रशियनांनी, सिफांगचा जर्मनांनी, एकोणिसावे शतक सरता सरता घातला. दातोंगच्या कारखान्यातून मुख्य मार्गांसाठीची वाफेची इंजिने थेट १९८८ पर्यंत बाहेर पडत होती. परदेशी करारांच्या दोनच वर्षे आधी, २००२ साली, 'चायना स्टार' या सर्वस्वी देशी गाडीने छिनहुआंगदाओ-शेनयांग मार्गावर ताशी ३२१.५ किलोमीटरचा वेग नोंदविला होता. ती गाडी नियमित सेवेच्या कसोटीस उतरली नाही आणि मंत्रालयाने तिला बाजूस सारले, परंतु तिच्यावर हात बसलेले अभियंते कोठे नाहीसे झाले नव्हते. परदेशी आराखडा हाती पडल्यावर तो वाचता येणारी माणसे आधीपासून तयार होती, म्हणूनच तो पचला. पुढे २००८ साली झूझौच्या कंपनीने इंग्लंडमधील लिंकन येथील डायनेक्स ही सेमीकंडक्टर कंपनी विकत घेतली. गाडीच्या मोटारींना वीज पुरविणाऱ्या यंत्रणेचा जीव ज्या स्विचांत असतो, ते बनविण्याची विद्या तिच्याबरोबर आली. तीही रोख पैसे मोजून.

खरे स्वावलंबन मात्र वेगाच्या विक्रमांनी आले नाही. चार देशांकडून चार वंशांच्या गाड्या घेतल्यामुळे एकीचे सुटे भाग दुसरीला बसत नव्हते आणि एक संच दुसऱ्याला जोडता येत नव्हता, ही रोजची डोकेदुखी होऊन बसली होती. २०१२ पासून एकाच राष्ट्रीय मानकानुसार गाडी आखण्याचे जे काम चालले, त्यातून 'फुशिंग' जन्मली आणि २०१७ साली बीजिंग-शांघाय मार्गावर ताशी ३५० किलोमीटरने धावू लागली. वर्तमानपत्री मथळ्यांना हे कंटाळवाणे काम रुचत नाही, त्याला कोण काय करणार!

बाकीचे गैरसमज थोडक्यात. महामंडळ २०१५ साली शून्यातून उभे राहिले नाही: २००० साली एकाच सरकारी संस्थेची उत्तर व दक्षिण अशी दोन शकले केली होती, ती परदेशी निविदांत एकमेकींचेच भाव पाडू लागली, म्हणून पुन्हा सांधली गेली. चीनचे लोहमार्ग हे महामंडळ बांधीत नाही आणि चालवीतही नाही. त्या संस्था निराळ्या आहेत. २०११ च्या वेनझौ अपघाताचा, ज्यात ४० माणसे गेली, दोष गाड्यांच्या बांधणीचा नव्हता. चीनच्या राज्य परिषदेच्या त्या वर्षअखेरच्या अहवालाने तो सिग्नल यंत्रणेच्या सदोष आराखड्यावर आणि ढिसाळ व्यवस्थापनावर ठेवला. शांघायची चुंबकीय गाडी जर्मन आहे.

स्वस्त दरामुळे या महामंडळाला कोठेच हार नाही, हाही भ्रमच. बल्गेरियातील विजेच्या २० गाड्यांची निविदा युरोपीय आयोगाने परकीय अनुदानाच्या संशयावरून चौकशीस घेताच मार्च २०२४ मध्ये सिफांगने माघार घेतली. अमेरिकेत डिसेंबर २०१९ च्या कायद्याने केंद्रीय निधीतून त्याचे डबे घेण्याची वाट बहुतांशी बंद केली. आणि बॉस्टनच्या मेट्रोचे डबे स्प्रिंगफील्डच्या कारखान्यातून वर्षानुवर्षे उशिराने निघत राहिले.

राहता राहिला आपल्याकडचा समज, की महाराष्ट्रातील साऱ्या मेट्रो चिनी आहेत. मुंबईच्या वर्सोवा-घाटकोपर मार्गिकेचे डबे नानजिंगचे आणि नागपूरचे ६९ डबे दालियानचे, एवढे खरे. पण मुंबईच्या २-अ व ७ या मार्गिकांचे डबे बीईएमएलचे, भूमिगत तिसरीचे आल्स्टॉमने श्रीसिटीत बांधलेले, आणि पुण्याच्या पहिल्या दोन मार्गिकांचे टिटागढचे आहेत.