उसना पंजा, घरचं भूत

मंडळी, मागच्या वेळी आपण रामसेंच्या सुरुवातीपर्यंत आलो होतो. १९७० च्या 'एक नन्ही मुन्नी लडकी थी'मध्ये पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात. चित्रपट पडला, पण तेवढ्या एका प्रसंगासाठी लोक येत होते. रामसेंनी हे हेरलं आणि १९७२ मध्ये 'दो गज जमीन के नीचे' काढला. घरचीच माणसं, बेताचा पैसा.

आता त्यांचा 'महाकाल' घेऊ. वेस क्रेव्हनच्या १९८४ च्या 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'मधला स्वप्नात येणारा, बोटांना पाती लावलेला खुनी यात सरळ उचललाय. मग नुसती नक्कल म्हणून आपण मोकळं व्हायचं का? पंजा उसना, यात वाद नाही. मूळ कल्पना कुणाची, हेही सांगायलाच हवं. पण फ्रेडी हा चिडलेल्या पालकांनी जाळलेला खुनी, तर शकाल मुलांचे बळी देणारा मांत्रिक. शिवाय गाणी आणि जॉनी लिव्हर आहेतच. भीती दाखवायची रीत बाहेरची. घाबरण्याचं कारण मात्र आपण लहानपणापासून ऐकलेलं. उचललेलं किती आणि बदललेलं किती, हे दोन्ही मोजलं तरच या चित्रपटांना आपण न्याय देऊ.