पेपर आहेत, पण कशाचे?

“पेपरवालं पिल्लू आहे जी, पक्कं काम!” गोंदियाजवळच्या नागऱ्यात कुणाच्या अंगणात नवं लॅब्रॅडॉर आलं की हे वाक्य ठरलेलं. गेल्या महाशिवरात्रीला शिवमंदिराच्या वाटेवर एका ओळखीच्या घरी थांबलो, तिथेही तेच ऐकलं. पिल्लू खोक्यात गोणपाटावर थरथरत होतं. विकणाऱ्याने वय दोन महिने सांगितलेलं. तोंड उघडून पाहिलं, तर पुढचे दात सुईसारखे नुकते वर आलेले आणि मागच्या हिरड्या जवळजवळ कोऱ्या. दोन महिन्यांच्या पिल्लाला दुधाचे २८ दात आलेले असतात. हे जेमतेम चार-पाच आठवड्यांचं होतं. घरच्यांनी मात्र विश्वासाने फाइल पुढे केली: “पेपर आहेत ना!”

कितीदा सांगायचं, तरी पुन्हा सांगतो. हे ‘पेपर’ बहुतेक वेळा केनेल क्लब ऑफ इंडियाचे असतात. ही संस्था जातिवंत कुत्र्यांची वंशावळ नोंदवते. ती सरकारी खातं नाही आणि तिचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नाही. आई कोण, बाप कोण, आजा कोण, एवढंच त्या कागदावर कळतं. त्या आईला फिरायला जागा आहे का, वर्षातून किती वेळा तिची वेत काढली जाते, केनेलमध्ये पशुवैद्यक कधी येऊन गेला, यातलं अक्षरही त्यावर नसतं.

परवाना वेगळा असतो. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. त्याखाली केंद्र सरकारने मे २०१७ मध्ये कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री यांचे नियम काढले. केंद्राचे नियम असल्यामुळे ते गोंदियात लागू आहेत, तसेच शेजारच्या बालाघाटातही. पिल्लं काढून विकणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलीच पाहिजे. तिचं शुल्क ५,००० रुपये आणि मुदत दोन वर्षं. मादी १८ महिन्यांची होण्याआधी तिच्यापासून पिल्लं घ्यायची नाहीत, आठ वर्षांनंतरही नाहीत. बारा महिन्यांत एकच वेत, जन्मभरात जास्तीत जास्त पाच. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. प्रत्येक कुत्र्याला मायक्रोचिप हवी. जन्म, मृत्यू, विक्री यांच्या नोंदी ठेवून मंडळाला दरवर्षी अहवाल द्यायचा, आणि मंडळाचा माणूस तपासणीला आला की दार उघडायचं.

आता हिशेब करा. मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, गाभण राहिल्यापासून सुमारे ६३ दिवसांत विते. प्रत्येक माजाला नर दाखवला तर वर्षात दोन वेती होतात. दूध आटतं, हाडं वर येतात, आणि तरीही प्रत्येक पिल्लाचा ‘पेपर’ झकास निघू शकतो. म्हणून विक्रेत्याला पेपर मागू नका असं नाही. त्याआधी नोंदणी क्रमांक मागा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

“घरच्या दोन कुत्र्यांना कसला परवाना?” पिल्लं विकण्यासाठी कुत्री पाळत असाल तर नियम तुम्हालाही आहेत. दोन कुत्री आहेत म्हणून सूट नाही.

“लहान आणलं की लवकर माया लावतं.” माया आठ आठवड्यांनंतरही तितकीच लावतं. आई-भावंडांत राहून चावा किती जोरात घ्यायचा हे ते शिकतं, ते आपल्याला तितकं नीट शिकवता येत नाही. शिवाय पार्व्हो विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. म्हणून घरी आणलं तेव्हा उड्या मारणारं पिल्लू चौथ्या दिवशी रक्ताची हगवण करतं आणि आपण दोष नव्या जागेच्या पाण्याला देतो.

“कुत्रीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, तब्येतीला बरं.” याला वैद्यकीय आधार नाही. उलट वेळेत नसबंदी केल्याने गर्भाशयात पू होण्याचा धोका जवळजवळ संपतो आणि स्तनांच्या गाठींचा कमी होतो.

“तपासणी झाली म्हणजे सगळं ठीक.” तपासणी कोणत्या मापाने झाली ते विचारा. अमेरिकेत केनेलच्या तपासणीचे अहवाल कृषी खातं जाहीर करतं. पण तिथलं किमान माप असं: कुत्र्याच्या नाकापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंतची लांबी घ्या, सहा इंच मिळवा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा; पिंजऱ्याला तेवढे चौरस इंच पुरे. इतक्या जागेत उभं राहून वळता येतं, धावता येत नाही. तरीही ते अहवाल लोकांना हवेच होते. २०१७ च्या फेब्रुवारीत खात्याने ते संकेतस्थळावरून काढले तेव्हा गदारोळ झाला, आणि शेवटी तिथल्या संसदेच्या आदेशाने २०२० मध्ये ते परत आले. आपल्याकडे मंडळाच्या नोंदी मागायला २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. एक अर्ज करायला काय हरकत आहे?

“कायद्याला कोण भितो, दंड पन्नास रुपये!” हे मात्र निम्मं खरं आहे, आणि त्याचीच चीड येते. मूळ कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपयेच दंड आहे. पण नोंदणी रद्द होऊ शकते, आणि धंदेवाल्याला खरा चटका तिथे बसतो. त्यासाठी कुणीतरी तक्रार करायला हवी. गोंदियाच्या पशुसंवर्धन कार्यालयात किंवा जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे लेखी द्या आणि पोच घ्या.



पिल्लू घ्यायला जाल तेव्हा एवढं करा. “आई दाखवा,” म्हणा. फोटो नको, व्हिडिओ नको, प्रत्यक्ष आई. तिच्या बरगड्या पाहा, पंजे पाहा, पिल्लू जवळ नेल्यावर ती त्याला हुंगते का ते पाहा. इंग्लंडमध्ये २०२० पासून सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू मध्यस्थाकडून विकता येत नाही आणि पाळणाऱ्याला ते आईसोबत दाखवावं लागतं. आपल्याला त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. आई दाखवायला कुणी टाळाटाळ केली, तर पैसे खिशातच ठेवून परत या.