धाराशिव जिल्ह्यातील घरे आणि वायुवीजन : जागेच्या निवडीचा प्रश्न

प्रस्तावना

मराठवाड्यातील माळवदाच्या घराला खिडक्या फारशा नसत. मात्र स्वयंपाकाच्या खणात, चुलीच्या वरच्या बाजूस, छतालाच साणे ठेवलेले असे. त्यातून उजेड खाली येई व धूर वर जाई. पावसाची सर आली की घरातील कोणीतरी माळवदावर धावत जाऊन ते झाकीत असे. व्यवस्था गैरसोयीची खरी, परंतु तिची जागा अचूक होती. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील आजच्या घरात झरोका अथवा एक्झॉस्ट पंखा कोठे असावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि या जिल्ह्यातील सास्तूरचा परिसर उद्ध्वस्त झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि गळती थांबविण्यासाठी वर्षानुवर्षे माती टाकून जड झालेली माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. पुढे दोन्ही जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४५० व ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. माळवद गेले हे योग्यच झाले. पण त्याबरोबर साणेही गेले. त्याचे काम आता कशाने करावयाचे, हा प्रश्न बहुधा गवंड्याच्या सोयीनेच सुटतो.

उंची आणि वारा

तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, हे सर्वपरिचित आहे. हवा आत येण्याची व बाहेर जाण्याची जागा यांतील उभ्या अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात हा प्रवाह वाढतो. अंतर एका मीटरवरून दोन मीटर केल्यास तो सुमारे १.४ पट होतो. खिडकीच्या उंबऱ्याइतक्या उंचीवर ठेवलेला झरोका म्हणूनच व्यर्थ ठरतो. छताखाली साचलेली ऊन हवा तेथपर्यंत उतरतच नाही. झरोका शक्य तितका छतालगत हवा.

दुसरी बाब मार्गाची. हवा जितकी बाहेर जाईल तितकीच आत आली पाहिजे. दोन सारख्या झरोक्यांपैकी एकच दुप्पट मोठा केला, तर प्रवाह जेमतेम सव्वापट होतो. घरामागे पत्र्याची शेड उभारून मागची खिडकी बंद केली, की पुढची खिडकी कितीही मोठी असली तरी घर कोंदट होते. पंख्याबाबत उलट चूक घडते : तो उघड्या खिडकीशेजारीच बसविला जातो. मग तो त्याच खिडकीतून आलेली ताजी हवा बाहेर फेकतो आणि शेगडीवरचा धूर जागच्या जागी राहतो. पंखा शेगडीच्या बाजूस उंचावर आणि हवा आत येण्याचे दार त्याच्या समोरच्या बाजूस, अशी रचना असावी.

बालाघाटच्या पठारावरील या जिल्ह्यात पावसाळी वारे मुख्यतः पश्चिम व नैर्ऋत्येकडून येतात. स्वयंपाकघरातील दमट हवा बाहेर काढण्याची गरज याच दिवसांत अधिक असते. पश्चिमेच्या भिंतीत पंखा बसविल्यास त्याला वाऱ्याविरुद्ध झगडावे लागते, शिवाय पाऊस आत येतो. म्हणून हवा आत घेणारी खिडकी पश्चिमेस, छज्जासह. आणि बाहेर टाकणारा झरोका पूर्वेस ठेवणे इष्ट. हिवाळ्यात वारा पूर्वेकडून येतो, पण तेव्हा हवेत दमटपणा कमी असल्याने ती गैरसोय सहन करता येते. उन्हाळ्यात सिमेंटचे छत दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडते. तेव्हा झरोके दिवसा झाकून रात्री उघडावेत. साणे झाकण्याउघडण्याची जुनी सवय येथे उपयोगी आहे.

भिंतीची मर्यादा

वरील सर्व विवेचन हवेच्या दृष्टीने झाले. परंतु प्रत्येक झरोका भिंतीला पाडलेले भोक असते, आणि १९९३ नंतर या भागात हा दुय्यम मुद्दा राहिलेला नाही. भूकंपापूर्वीच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. २००२च्या सुधारित मानकात तो तिसऱ्या विभागात आला. भारतीय मानक ४३२६ व १३८२८ (दोन्ही १९९३) यांचा रोख असा, की दारे-खिडक्या कोपऱ्यांपासून दूर असाव्यात, एकमजली घरात त्यांची एकूण रुंदी भिंतीच्या लांबीच्या निम्म्याहून फार नसावी आणि त्यांचे माथे एका पातळीत येऊन वरून सलग पट्टा जावा. छतालगतचा झरोका नेमका या पट्ट्याच्या आड येतो. नव्या बांधकामात तो पट्ट्याच्या वर, भिंतीच्या मध्यभागी, लहानसा ठेवता येतो. बांधून झालेल्या घरात मात्र पंख्यासाठी पट्टा फोडणे सर्वस्वी अयोग्य होय. अशा वेळी थोडी उंची गमवावी, पट्टा नव्हे.

जुन्या दगडी घरांत तर भिंत फोडूच नये. या भिंतींत आतील व बाहेरील असे दोन स्वतंत्र थर असून मध्ये मुरूम-माती भरलेली असते. आरपार जाणारे दगड क्वचितच आढळतात. चार दगड काढले तरी बाजूचा थर सुटू लागतो. तेथे असलेल्या खिडकीच्या वरच्या तावदानाच्या जागी पंखा बसवून खालचे तावदान बंद ठेवावे आणि हवा समोरच्या दारातून येऊ द्यावी. चूल अजून पेटत असेल, तर ती त्या खिडकीखाली सरकविणे हे पंख्याची जागा शोधण्याहून सोपे आहे.