व्यालेल्या गाईचें रक्त काय सांगतें?

भरपूर दूध देणारी गाय व्याल्यानंतर दोन तीन दिवसांच्या आंत एकाएकीं खालीं बसते व उठत नाहीं, हा प्रकार आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल. यास दुग्धज्वर म्हणतात. नांवांत ज्वर असला तरी अंगांत ताप नसतो. उलट कान थंड पडतात, रवंथ थांबतो व गाय मान कुशीकडे वळवून पडून राहते. अशी गाय औषधानें उठली म्हणजे बरी झाली असें आपण समजतों. परंतु तें नेहमींच खरें नसतें.

निरोगी गाईच्या रक्तद्रवांत १०० मिलिलिटरमागें सुमारें ८.५ ते १० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. सर्व रक्तद्रवांत मिळून तें अवघें ३ ग्रॅमांच्या आसपास भरतें. एका लिटर चिकाबरोबर मात्र सुमारें २ ग्रॅम निघून जातें. हा खर्च हाडांतील सांठ्यांतून व चाऱ्यांतून भरून यावयाचा, पण ती तजवीज नीट सुरू होण्यास एक दोन दिवस लागतात. तेवढ्यांत शिल्लक ५.५ मिलिग्रॅमच्या खालीं गेली कीं बहुधा स्नायूंचें बळ जातें व गाय बसते.

१८९७ सालीं डेन्मार्कमधील पशुवैद्य श्मिट यांनीं कासेंत औषध भरून हा रोग बरा करून दाखविला. पुढें नुसती हवा भरूनही गुण येतो असें दिसलें. रक्तांतील कॅल्शियम उतरतें हें १९२५ च्या सुमारास तपासणीनें ठरल्यावर या उपचाराचें मर्म कळलें: फुगलेल्या कासेंत दूध उतरेनासें होऊन कॅल्शियम रक्तांत टिकत असे.

हल्लीं पशुवैद्य कॅल्शियमचें औषध शिरेंतून हळूहळू देतात. घाईनें दिल्यास हृदय बंद पडण्याची भीति असते, म्हणून हें काम स्वतः करूं नये. बहुतेक गाई कांहीं तासांत उठतात. परंतु दिलेलें कॅल्शियम लवकरच खर्ची पडून कित्येक गाई एक दोन दिवसांत पुनः बसतात. म्हणून पहिल्या दिवशीं धार पूर्ण काढूं नये.

गाय उठलीच नाहीं तर रक्त पुनः तपासावें. कॅल्शियम पुरेसें असेल तर फॉस्फरस कमी आहे काय, किंवा पायास इजा झाली काय, हें पाहावें. देहाच्या भारानें स्नायू चेंगरले म्हणजे क्रिएटिन कायनेज नांवाचें द्रव्य रक्तांत वाढतें. इजा थांबल्यास तें थोड्या दिवसांत झपाट्यानें उतरतें. वाढतच राहिलें तर स्नायू अजून दुखावत आहेत असें समजावें. अशा गाईखालीं पेंढ्याचा जाड थर घालावा व दर तीन चार तासांनीं कूस पालटावी.

पुढील कांहीं आठवडे किटोसिसचे. दुधाच्या मानानें खाणें न पुरल्यामुळें गाय अंगची चरबी जाळूं लागते व रक्तांत बीटा हायड्रॉक्सी ब्यूटिरेट वाढतें. तें लिटरमागें १.२ मिलिमोलपर्यंत चढलें कीं सावध व्हावें. लहानशा यंत्रावर एका थेंबांत तें गोठ्यांतच कळतें. उपचारानंतर आंकडा उतरला तरच गुण आला असें धरावें.

आमची विनंति एवढीच कीं, औषध टोंचण्यापूर्वीं रक्ताचा नमुना काढून घेण्यास पशुवैद्यांस सांगावें. मात्र निकालासाठीं उपचार थांबवूं नये. औषधानंतरचा आंकडा मूळची उणीव झांकून टाकतो. व्याल्याची तारीख, वेत व तपासणीचे आंकडे यांची वहींत नोंद ठेवावी. एकदां बसलेली गाय पुढील वेतास पुनः बसण्याचा संभव अधिक असतो. त्या वेळीं ही नोंद गाय वांचविण्याच्या कामीं येईल.