कठड्याविना कडा

प्राइकेस्टोलेनचा फोटो पाहून मराठी माणूस आधी उंची विचारत नाही, कठडा विचारतो. नॉर्वेच्या नैर्ऋत्येला ल्यूसेफ्योर्ड नावाची समुद्राची एक अरुंद, लांबलचक फांदी डोंगरांत शिरली आहे. तिच्या उत्तर काठावर, पाण्यापासून ६०४ मीटरवर, एक चौकोनी कातळ दरीत पुढे आला आहे. लांबी-रुंदी प्रत्येकी पंचवीसेक मीटर, माथा सपाट, आणि कडेला लोखंडी पाइप नाही, साखळी नाही, साधी पिवळी रेघसुद्धा नाही. वर्षाला तीन लाखांच्या आसपास माणसं इथे येतात. त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यात दुसरा डोंगर चढलेला नसतो.

हा हलगर्जीपणा म्हणावा, तर नॉर्वेत पैशाची चणचण नाही आणि लोखंडाचीही नाही. कठड्याचा विषय तिथे अनेकदा निघाला आहे. २०१३ मध्ये एक पर्यटक इथून खाली पडून मरण पावला, तेव्हाही निघाला. कठडा आला नाही. नको म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद साधा आहे: सगळा देशच कड्यांचा, त्यातला एक बांधून काढला तर उरलेल्यांचं काय करायचं? आणि बांधलेल्या कड्यावर माणूस कठड्यावर भरवसा टाकतो, स्वतःच्या पायांकडे बघायचं विसरतो. सह्याद्रीत वाढलेल्या मला हे ऐकायला बरं वाटलं, पटलं मात्र अर्धंच. उरलेलं अर्धं प्रत्यक्ष जाऊन बघावं म्हणून कॉलेजातल्या मैत्रिणीला गाठलं.

ती तेलाच्या नोकरीपायी स्टाव्हांगरला स्थायिक झाली आहे. १९६९ साली उत्तर समुद्रात एकोफिस्कचं तेलक्षेत्र सापडलं आणि डबाबंद मासळीवर जगणारं हे बंदर बघता बघता नॉर्वेची तेलनगरी झालं. पूर्वी कड्याकडे जायला स्टाव्हांगरहून ताऊ गावापर्यंत फेरीबोट धरावी लागे. २०१९ च्या डिसेंबरअखेर समुद्राखालून चौदा किलोमीटरहून लांब बोगदा खुला झाला आणि तो प्रवास मिनिटांवर आला. बोगद्याचा सर्वांत खोल भाग समुद्रसपाटीखाली २९२ मीटरवर आहे. "आधी पाताळात नेतात, मग स्वर्गात," असं मैत्रीण म्हणाली. वर पार्किंगचे पैसे भरताना तिनं आपलं वाक्य दुरुस्त केलं: स्वर्गात फुकट कोणी नेत नाही.

कड्यावर जायला मात्र तिकीट नाही, आणि त्यामागे कायदा आहे. मोकळ्या, न कसलेल्या जमिनीवरून कोणीही पायी जाऊ शकतो हा नॉर्वेतला जुना रिवाज. १९५७ च्या कायद्यानं तो लेखी केला. जमीन खासगी असली तरी हक्क कायम. घरापासून दीडशे मीटर लांब राहून तंबू ठोकता येतो. अट एवढीच की जागेची नासधूस करायची नाही आणि आपली काळजी आपण घ्यायची. बिनकठड्याचा कडा या कायद्याच्या पोटातूनच आला आहे, असं मला वाटतं.

वाट एका बाजूनं साधारण चार किलोमीटर. नकाशावर चढ साडेतीनशे मीटरचा दिसतो, पण मधेमधे वाट उतरते आणि उतरलेलं परत चढावं लागतं, त्यामुळे पाय वेगळा हिशोब सांगतात. सुरुवातीलाच चढण आहे. मग दलदल लागते, तिच्यावर लाकडी फळ्या टाकल्या आहेत. त्यानंतर दोन डोंगरांच्या बेचक्यातून दगडी पायऱ्यांची खडी वाट. दगडांवर लाल रंगात 'टी' हे रोमन अक्षर रंगवलेलं दिसतं. नॉर्वेच्या पदभ्रमण संघटनेची ती खूण आहे. संघटना १८६८ ची, तिची स्टाव्हांगरची शाखा १८८७ ची.

या पायऱ्यांपाशी मी रेंगाळले. मोठमोठे ओबडधोबड दगड एकमेकांत असे बसवले आहेत की पाय ठेवल्यावर एकही हलत नाही, आणि सिमेंटचा कुठे मागमूस नाही. हे काम नेपाळच्या शेर्पांचं. पश्चिम नॉर्वेतल्या गाइर वेट्टी या गृहस्थांनी २००३ च्या सुमारास एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागातून शेर्पा कारागीर आणायला सुरुवात केली. तेव्हापासून उन्हाळ्यात हे लोक येतात, देशभर वाटा बांधतात आणि हिवाळ्याआधी घरी परततात. ट्रोम्सोमध्ये त्यांनी बांधलेल्या बाराशेहून अधिक पायऱ्यांच्या जिन्याला लोकांनी शेर्पांचंच नाव दिलं आहे. प्राइकेस्टोलेनची वाट त्यांनी २०१३ च्या सुमारास हाती घेतली.

गरज का पडली, ते दलदल पाहून कळतं. माणूस चिखल टाळायला वाटेच्या कडेनं चालतो. कडेचं गवत मरतं, तिथेही चिखल होतो, पुढचा माणूस आणखी बाहेरून जातो. अशी एका माणसाची पाऊलवाट काही वर्षांत बैलगाडीच्या रस्त्याएवढी रुंद होते आणि पहिल्या मोठ्या पावसात तिचा ओढा बनतो. दगडी पायरी पाय सुखावते ते नंतर. तिचं पहिलं काम लाखो पावलांना एका ओळीत ठेवण्याचं. म्हणजे या देशानं पैसा ओतला तो वाटेवर, कडा ज्याचा त्याच्यावर सोडला. आपल्याकडच्या काही गडांवर मी नेमकं उलटं पाहिलं आहे: माथ्यावर चकचकीत रेलिंग, आणि तिथवर नेणारी वाट आषाढात वाहून गेलेली.

बेचकं संपलं की छोटी तळी लागतात. जूनमध्ये तिथे लोक बेधडक पोहत होते. मैत्रिणीनं पाण्यात बोट बुडवून पाहिलं आणि बोटानंच निर्णय दिला. तळ्यांपलीकडे नागडा, गुळगुळीत कातळ सुरू होतो. त्यावरचा गुळगुळीतपणा बर्फाचा आहे, आणि हे बर्फ प्रकरण इथल्या भूमीत जरा जास्तच खोल रुतलं आहे.

येन्स एस्मार्क हे क्रिस्तियानियाचे, म्हणजे आजच्या ऑस्लोचे, खनिजशास्त्राचे प्राध्यापक. डोंगरांचे वेडे; स्नोहेट्टा या शिखरावर चढल्याची पहिली नोंद त्यांचीच. ल्यूसेफ्योर्डच्या मुखाजवळ, सपाटीवर, त्यांनी वाळू आणि दगडगोट्यांचा एक लांब बांध पाहिला. असे बांध हिमनद्या आपल्या तोंडाशी रचतात हे त्यांना ठाऊक होतं. पण इथे हिमनदी नव्हती, जवळपास समुद्रसपाटी होती. एस्मार्क यांनी निष्कर्ष काढला की कधी काळी बर्फ इथवर आलेला असणार आणि हे सगळे खोल फ्योर्ड त्यानंच कोरले असणार. १८२४ साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. हिमयुगाच्या कल्पनेचं श्रेय पाठ्यपुस्तकं ज्यांना देतात त्या लुई अगासी यांचं गाजलेलं भाषण १८३७ चं. एस्मार्क यांचा लेख इंग्रजीतही आला होता, तरी जगाचं लक्ष गेलं नाही. बांध अजून तिथेच आहे आणि आता एस्मार्क यांच्या नावानं ओळखला जातो. कड्यावर जाणाऱ्या तीन लाखांपैकी किती जण तिकडे वळतात, कोण जाणे. मला विचाराल तर या फ्योर्डची सर्वांत मोठी जागा ती.

फ्योर्डचा तळही एस्मार्क यांच्याच बाजूनं साक्ष देतो. मुखापाशी पाणी जेमतेम तेरा मीटर खोल आहे, कारण हिमनदीनं पुढे ढकललेला सगळा माल तिथे साचला. आत, प्राइकेस्टोलेनच्या खाली, खोली चारशे मीटरच्या पलीकडे जाते. नदी असा तळ कोरू शकत नाही. पाणी उताराच्या दिशेनंच वाहतं. बर्फाचा अजस्र गोळा मात्र मागच्या वजनाच्या रेट्यानं चढावरही सरकतो. खडकाचं वय पाहायचं तर आपला दख्खनचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, इथला ग्रॅनाइटी खडक शंभर कोटींच्या घरातला. बर्फ विरघळून दहाएक हजार वर्षंच झाली आहेत. बर्फ मागे हटत असताना खडकाच्या भेगांत पाणी शिरलं, गोठलं, फुगलं. भेगेला धरून पुढचा भाग कोसळला आणि हा सरळ धारेचा चौकोन उरला.

जुने गावकरी त्याला रंध्याच्या पात्याच्या नावानं ओळखत. १८९६ मध्ये स्टाव्हांगरचे थॉमस पीटर रांडुल्फ 'ऑस्कर दुसरा' या आगबोटीतून फ्योर्डमध्ये चालले होते. डोक्यावरचा तो विचित्र कातळ त्यांच्या मनात बसला आणि काही वर्षांनी ते वर चढले. रांडुल्फ पदभ्रमण संघटनेचे कार्यकर्ते, त्यामुळे पुढे वाट झाली. चर्चमधल्या प्रवचनाच्या ओट्यावरून पडलेलं आजचं नावही साधारण १९०० चं.

शेवटचा टप्पा कड्याच्या कुशीतून जातो. एका वळणावर वाट संपते आणि समोर तो चौकोन येतो, माणसांसकट. आम्ही पोचलो तेव्हा सत्तरऐंशी माणसं असावीत. मी काठाकडे न पाहता माणसांकडे पाहत बसले, कारण मला हवं असलेलं अर्धं उत्तर तिथे होतं. काठापासून चारपाच मीटरवर एक अदृश्य रेघ असल्यासारखे लोक थबकत होते. तिथून पुढे बहुतेक जण बसून किंवा रांगत सरकत. एका बापानं पोराची कॉलर शेवटपर्यंत सोडली नाही. फोटोसाठी काठावर पाय सोडून बसलेली दोन पोरं होतीच. पण त्यांचा चेहरा फोटोपुरताच हसरा होता, उठताना दोघंही चौपायी झाली. वाऱ्याची झुळूक आली की सगळ्यांचं बोलणं एकदम खाली येई.

मैत्रीण इतकी वर्षं इथे राहून काठावर कधी गेलेली नाही. "तू जा, मी इथून तुझ्या बॅगेला धरून बसते," म्हणाली. मी कोकणकड्यावर शिकलेल्या रीतीनं पालथी पडून पुढे सरकले. "अगं बास, हनुवटी बाहेर गेली तुझी!" मागून आवाज आला. खाली हिरवट काळं पाणी, त्यावर एक पर्यटक बोट, तिच्यामागची पांढरी रेघ. व्हिक्टर ह्यूगोनं १८६६ च्या कादंबरीत ल्यूसेफ्योर्डचं मोठं भयंकर वर्णन केलं आहे. पण जूनच्या उन्हात भय सापडायला थोडी कल्पनाशक्ती लागते.

भय आहे ते कातळाच्या मागच्या अंगाला. तिथे एक रुंद भेग आडवी गेली आहे. लोक हसत हसत ती ओलांडतात. कधीतरी हा अख्खा तुकडा त्या भेगेपाशी सुटून खाली जाणार, यावर भूवैज्ञानिकांचं दुमत नाही. तपासण्या झाल्या आहेत आणि नजीकच्या काळात तसं होणार नाही असा निर्वाळाही आहे. फ्योर्डकाठचे लोक असल्या गोष्टी हसण्यावारी नेत नाहीत. १९३४ साली ताफ्योर्डमध्ये डोंगराचा भाग पाण्यात कोसळला आणि उठलेल्या लाटेनं चाळीस जणांचा बळी घेतला. लोएन गावावर हीच आपत्ती दोनदा आली: १९०५ मध्ये ६१ माणसं गेली, १९३६ मध्ये ७४.

तरीही लोक डोंगरात जातात, आणि त्यांना जाऊ दिलं जातं. १९६७ च्या ईस्टरच्या सुट्टीत नॉर्वेच्या डोंगरांत अठरा जण मरण पावले. त्यानंतर डोंगर बंद झाले नाहीत. डोंगरात कसं वागावं याचे नऊ नियम घरोघरी पोचवले गेले. शाळकरी मुलांनाही ते येतात. त्यांतला आठवा नियम वेळीच माघारी फिरण्याचा, आणि त्यात कमीपणा नाही हे नियमातच लिहिलेलं आहे.

भारतीयांशी या कड्याचं नातं मोठं गमतीचं आहे. टॉम क्रूझच्या 'मिशन इम्पॉसिबल: फॉलआउट'मधली शेवटची कड्यावरची मारामारी इथे चित्रित झाली, आणि सिनेमात ही जागा काश्मीर म्हणून दाखवली आहे! २०१८ च्या उन्हाळ्यात या कातळावरच पडदा उभारून तो सिनेमा दाखवला, तेव्हा सुमारे दोन हजार लोक चार किलोमीटर चढून आले होते. रात्री अंधारात तेवढी गर्दी, कठडा नाही, आणि सगळे सुखरूप खाली उतरले. हे वाचल्यावर माझ्या शंकेची धार जरा बोथट झाली, पूर्ण गेली नाही. लहान मूल बरोबर असतं तर मी त्या बापासारखीच वागले असते, आणि मनातून कठडा मागितलाही असता.

दुसऱ्या दिवशी फ्योर्डच्या आतल्या टोकाला शेरागला जायचं ठरलं होतं. तिथे हजार मीटरच्या आसपास उंचीवर, दोन कड्यांच्या फटीत अडकलेल्या दगडावर उभं राहून लोक फोटो काढतात. सकाळी उठलो तर ढग घरांच्या छपरांपर्यंत उतरलेले. मैत्रिणीनं फोनवर हवामान पाहिलं, चहा संपवला आणि काही चर्चा न करता गाडी जुन्या शहराकडे वळवली. तिथल्या एका जुन्या कारखान्यात डबाबंद मासळीचं संग्रहालय आहे. तेलाच्या आधी या गावातली पोरं सार्डिनच्या डब्यांवरची रंगीत लेबलं गोळा करून आपसात बदलत असत, आपण काडेपेट्यांचे छाप जमवायचो तशी. राजा, खलाशी, मासे अशा चित्रांची शेकडो लेबलं तिथे भिंतींवर मांडली आहेत. पाऊस थांबेपर्यंत आम्ही दोघी त्यांतली कुठली कुठल्याशी बदलायची यावर वाद घालत होतो.