डॉग शो पाहायला पहिल्यांदाच जाताय? मग हे वाचा

महालक्ष्मी रेसकोर्सवर डॉग शो असेल तर गिरगावकरांनी चर्नी रोडहून आणि दादरकरांनी दादरहून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल पकडावी. फास्ट लोकल महालक्ष्मीला थांबत नाही.

‘नुसती कुत्री पळवतात, कळत काहीच नाही’ ही नवख्यांची नेहमीची तक्रार. गंमत इथेच आहे. परीक्षक सर्वांत गोंडस कुत्रा शोधत नसतो. प्रत्येक कुत्रा त्याच्या जातीच्या ठरलेल्या वर्णनाशी ताडून पाहतो. म्हणून दात तपासतात, पाठ चाचपतात, चाल दिसावी म्हणून पळवतात. जातीतला विजेता पुढे गटात उतरतो आणि गटविजेत्यांतून ‘बेस्ट इन शो’ निवडला जातो. ही फेरी शेवटी असते, दुपारीच घरी निघू नका. मराठवाड्यातला सडपातळ कारवान हाउंड रिंगमध्ये दिसला, तर त्याची चाल नक्की बघा.

मुलांचा हात मात्र धरून ठेवा. टेबलावर केस विंचरून घेणाऱ्या किंवा रिंगच्या तोंडाशी उभ्या कुत्र्याला हात लावायचा नाही. त्याची फेरी झाल्यावर मालकाला विचारा, मगच. तरीही दात किंवा नख लागलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि लगेच रुग्णालय गाठा. पाळीव आहे, लस दिलेली असेल, असं समजून थांबू नका.

घरचा टॉमी? नोंदणी नसेल तर घरीच बरा.