मुक्या बाजूची तेरीज

दिवसाचा व्यवहार आटोपतो, रोजकीर्द लिहून होते, खतावणी पूर्ण होते. आणि तेरीज मात्र जुळत नाही. अशा वेळी मुरलेला मुनीम सारी वही नव्याने लिहावयास घेत नाही. तो प्रथम फरकाची रक्कम पाहतो. तिला नवाने नि:शेष भाग गेला, तर एखाद्या रकमेतील अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद आढळली, तर ती जमेऐवजी नावे पडली असावी, असा तर्क करता येतो. चूक आपला ठावठिकाणा स्वत:च सांगत असते. तो ऐकण्याचे धैर्य मात्र हवे.

घरी बांधलेल्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरची एक बाजू मुकी झाली, तर तिचा शोधही याच रीतीने घ्यावा लागतो.

जळगाव आणि धुळ्याच्या व्यापारी घरांना व्हॉल्व्ह ही वस्तू परकी नाही. टपाल कार्यालयात परवान्याचे शुल्क भरून रेडिओ बाळगण्याचा तो काळ होता. बटण फिरविल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावे लागे आणि मग ‘विविध भारती’चा स्वर उमटे. १९०४ मध्ये फ्लेमिंग यांनी दोन अग्रांचा व्हॉल्व्ह सिद्ध केला. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरे अग्र, म्हणजे ग्रिड, घातले. पुढे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने हे व्हॉल्व्ह आपल्या देशातच तयार केले. ट्रान्झिस्टरने त्यांना मागे सारले, तरी त्यांच्या स्वराची ओढ ओसरली नाही. म्हणूनच आजही एखादा तरुण सुटे भाग जमवून हेडफोनसाठी असा अँप्लिफायर घरीच बांधतो. पहिल्याच संध्याकाळी उजवा कान गातो आणि डावा गप्प राहतो, तेव्हा त्याची खरी परीक्षा सुरू होते.

या परीक्षेत पहिला प्रश्न जिवाचा आहे. अशा यंत्रात २०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो मोठ्या कपॅसिटरमध्ये साठून राहतो. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी काही नियम आग्रहाने पाळावयास लावावेत. प्लग काढावा, १० किलोओहम व ५ वॅटचा रोधक इन्सुलेशन असलेल्या क्लिपांनी लावून साठलेला दाब उतरवावा आणि मीटरने खात्री करूनच आत हात घालावा. यंत्र चालू ठेवून मोजमाप करावयाचे असेल, तर मीटरची काळी तार यंत्र बंद असतानाच सांगाड्याला अडकवावी. दुसरा हात पाठीमागे ठेवावा. घरात कोणी नसताना हे काम करू नये. तपासणी चालू असताना हेडफोन कानाला लावू नये; शेवटचा कपॅसिटर निकामी असेल, तर प्लेटवरचा दाब थेट हेडफोनपर्यंत पोहोचू शकतो.

यानंतर शोधाचा आरंभ बाहेरून करावा. हेडफोन मोबाइलला लावून दोन्ही बाजू वाजतात का, ते पाहावे. मग यंत्राकडे येणाऱ्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करावी. शांतता दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष तारेत किंवा तिच्या मागे आहे. ती जागची हलली नाही, तर दोष यंत्रात आहे. प्रत्येक बाजूला स्वतंत्र व्हॉल्व्ह असेल, तर यंत्र बंद करून, निववून आणि दाब उतरवून तेही आपसात बदलावेत. शांतता व्हॉल्व्हबरोबर सरकली, तर दोषी सापडला. व्हॉल्व्ह लालसर उजळतो म्हणून तो निर्दोष, असे समजू नये. त्या उजेडावरून फक्त आतली तार तापते एवढेच कळते.

शांतता अजूनही त्याच जागी असेल, तर मीटर हाती घ्यावा. येथे घरच्या कारागिराला एक मोठा लाभ आहे. त्याची दुसरी बाजू बिनचूक चालते, म्हणजे पडताळ्यासाठी दुसरी वही शेजारीच उघडी आहे. उदाहरणार्थ, ईसीसी ८२ हा व्हॉल्व्ह घ्या. पुरवठा २०० व्होल्ट, प्लेटचा रोधक ४७ किलोओहम आणि कॅथोडचा १.८ किलोओहम असेल, तर चांगल्या बाजूच्या प्लेटवर सुमारे १०० व्होल्ट मिळावेत. म्हणजे रोधकावर १०० व्होल्ट खर्ची पडले आणि सुमारे २.१ मिलिअँपिअर प्रवाह वाहिला. तोच प्रवाह कॅथोडच्या रोधकातून जातो, म्हणून तेथे ३.८ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. दोन्ही आकडे एकमेकांची साक्ष देतात.

आता मुक्या बाजूचे आकडे वाचावेत. प्लेटवर काहीच नाही, तर प्लेटचा रोधक किंवा त्याचा डाख तुटला आहे. प्लेटवर पूर्ण २०० आणि कॅथोडवर शून्य, तर प्रवाहच नाही. सॉकेटच्या पकडी तपासाव्यात. प्लेटवर पूर्ण दाब आणि कॅथोडवर नेहमीपेक्षा बराच अधिक, तर कॅथोडचा रोधक तुटलेला असावा. सारे आकडे जुळतात आणि तरीही आवाज नाही, तर वीज पोहोचते आहे, फक्त स्वर वाटेत अडतो आहे. मग व्हॉल्यूमचा नियंत्रक, ग्रिडकडची तार आणि बाहेर जाणारा कपॅसिटर यांवर संशय घ्यावा. अशा वेळी मार्गाच्या मध्यावर तपासणे उत्तम. एका मोजणीत अर्धा मार्ग निर्दोष ठरतो.

घरच्या बांधणीत नेहमीचा अपराधी असतो कोरडा डाख. जळगावच्या सराफ बाजारातील कारागीर सांगेल की सांधा पुरेसा तापला नाही, तर डाख वरवर बसतो, आत धरत नाही. येथेही तेच घडते. असा सांधा मंद व खरखरीत दिसतो. तो पुन्हा नीट तापवून नवा डाख द्यावा. खान्देशच्या उन्हाळ्याचाही यात वाटा आहे. पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि व्हॉल्व्हची उष्णता त्यात भर घालते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. म्हणून ते व्हॉल्व्हपासून दूर बसवावेत आणि पेटीला हवा खेळण्यास वाट ठेवावी.

सर्व भाग एकदम बदलून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात पैसा जातो आणि नवे कोरडे डाख पडून दुसराच दोष शिरण्याची भीती असते. शिवाय यंत्र सुरू झाले, तरी चूक कोणती होती हे कधीच कळत नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. दुरुस्तीनंतर यंत्र तासभर चालू ठेवून दोन्ही बाजूंचे आकडे पुन्हा मोजावेत आणि तारखेसह एका कागदावर लिहून तो कागद पेटीजवळ जपून ठेवावा. काही वर्षांनी घरातील दुसऱ्या कोणाला ही पेटी उघडावी लागेल, तेव्हा त्याला आरंभीची शिल्लक तयार मिळेल.